मुलुंडचा केवडा

प्रवासवर्णन लिहावयाचे म्हणजे निदान एखादा घाट तरी ओलांडलेला असावा, अशी आपल्याकडे रीत आहे. समुद्र ओलांडला असेल तर मग विचारायलाच नको. माझा प्रवास डोंबिवली ते मुलुंड एवढाच. धिम्या गाडीने अर्ध्या तासाचा. वाटेत मुंब्र्याचा डोंगर आणि कळव्यानंतर खाडी लागते, तेवढ्या भांडवलावर त्याला प्रवास म्हणावयाचे. पण यंदा ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत हा प्रवास मी इतक्या वेळा आणि इतक्या लहानशा कारणासाठी केला, की वर्षानुवर्षे ओळखीचे असलेले मुलुंड मला नव्याने पाहावयास मिळाले. कारण म्हणाल तर माझ्या मावशीच्या कुंड्यांतली पिवळी पडणारी पाने!

मुलुंड हे मुंबईचे ईशान्येकडचे शेवटचे उपनगर. त्यापुढे ठाणे सुरू होते. पश्चिमेला येऊरच्या डोंगराची रांग आणि तिच्यावरचे राष्ट्रीय उद्यानाचे रान. पूर्वेला मिठागरे आणि त्यापलीकडे खाडी. मधून रूळ गेलेले. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती याच वाटेने. गावाची ही मांडणी ध्यानात घेतली म्हणजे एक गोष्ट सहज कळते. मुलुंडचा सूर्य मिठागरांवरून उगवतो आणि डोंगराआड जातो. पूर्वेच्या लोकांना सकाळ लवकर मिळते आणि पश्चिमेच्या टोकाला संध्याकाळ लवकर होते. माणसांना हा फरक जाणवत नाही. घरातल्या झाडांना तो रोज जाणवतो.

स्टेशनापासून पाच रस्त्यापर्यंतचा भाग आखीव आहे. क्राउन अँड कार्टर या वास्तुशिल्पज्ञांनी १९२२ साली तो आखला. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे नवा माणूस इथे चुकत नाही. चुकलाच तर पुन्हा तिथेच येतो. या आखणीवर पुढे दुमजली-तिमजली घरे उठली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, गुजराती आले, दक्षिणेकडची मंडळी आली, आणि गिरगाव-दादरला जागा न पुरणारी मराठी कुटुंबे आली. त्या सर्वांच्या घरांत एक गोष्ट समान होती. ती म्हणजे गॅलरी. गॅलरीत कठडा, कठड्यावर कुंड्या, कुंड्या नसल्या तर वनस्पती तुपाचे रिकामे डबे, आणि त्यांत तुळस, गवती चहा, ओवा, सदाफुली. ही झाडे कोणी मुद्दाम वाढवली असे म्हणता येणार नाही. ऊन येत होते, पाऊस येत होता, घरातल्या बाईचे लक्ष होते, म्हणून ती वाढली.

आता ती घरे पडत आहेत. पुनर्विकास हा शब्द मुलुंडमध्ये आज लग्नाच्या आमंत्रणासारखा घरोघर फिरतो. जुनी इमारत पाडायची, बांधकाम होईपर्यंत भाड्याच्या घरात राहायचे, आणि मग त्याच जागी उंच इमारतीत परत यायचे. पायाचे जुने दुखणे असणाऱ्यांना लिफ्ट मिळते, घर मोठे मिळते. कोणी त्याला नावे ठेवू नयेत. पण दोन तीनमजली इमारतींच्या मध्ये वीसमजली इमारत उभी राहिली, की तिच्या शेजारघरांतले ऊन जाते. करारात चौरस फूट लिहिलेले असतात. उन्हाचे तास लिहिलेले नसतात.

माझी मावशी पंच्याहत्तरीला आलेली. पूर्वेला, मिठागर रोडच्या अलीकडे, तिचे अठ्ठेचाळीस वर्षांचे बिऱ्हाड होते. काका गेल्याला सहा वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी इमारत रिकामी करण्याची नोटीस आली आणि मावशी पश्चिमेला एका उंच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहावयास आली. सामानाबरोबर अकरा कुंड्या आल्या. नव्या घराला गॅलरी नाही. दिवाणखान्याला मोठी काचेची खिडकी आहे. पण खिडकीसमोर पंधरा फुटांवर दुसऱ्या विंगची भिंत आहे. भरदुपारी बारा वाजता वर्तमानपत्र वाचायला दिवा लावावा लागतो.

मावशीचा मुलगा बंगळूरला असतो. त्याने आईची अडचण ओळखून एलईडीचे चार दिवे, त्यांच्या टोप्या आणि एक फडताळ धाडून दिले. फडताळात झाडे मांडली, वर दिवे लागले, आणि पहिले चार महिने घर मोठे शोभिवंत दिसले. मग पाने पिवळी पडू लागली. आधी मनीप्लांटची, मग कढीपत्त्याची, मग तुळशीची, आणि ज्येष्ठात अनंताची.

अनंत काकांनी लावलेला. त्याच्याविषयी मावशी फारसे बोलत नाही. एवढेच म्हणाली, "अगं, ह्याला काही झालं तर मी नव्या घरात काय घेऊन जाऊ?" नवे घर केव्हा होणार हे कोणालाच सांगता येत नाही. तिच्या जुन्या इमारतीतले दोघे वृद्ध या दोन वर्षांत गेले. ते आता नव्या घरी यायचे नाहीत. तेव्हा पिवळ्या पानांकडे पाहून तिच्या मनात काय येत असेल, हे मला विचारण्याची गरज नव्हती. आणि ती नुसती झुरत बसलेली नव्हती. ती उपाय करीत होती. त्या उपायांचीच मला अधिक काळजी वाटली.

कारण पिवळे पान दिसले की प्रत्येक शहाणा मनुष्य एक उपाय सांगतो, आणि तो उपाय नेहमी काहीतरी घालण्याचा असतो. शेजारीण म्हणाली, चहाचा चोथा घाला. दुसरी म्हणाली, अंड्याची टरफले. हमरस्त्याकडेच्या एका नर्सरीत मी मावशीबरोबर गेले, तर तिथल्या गृहस्थाने पान न पाहताच तीन बाटल्या पुढे ठेवल्या. एक हिरवी, एक तपकिरी, एक निळी. फडताळाच्या खालच्या खणात अशा सात बाटल्या आधीच जमल्या होत्या. काढून घेण्याचा उपाय मात्र कोणीच सांगत नव्हता.

ठाण्याला माझ्या महाविद्यालयात बागेची व्यवस्था पाहणारे एक गृहस्थ आहेत. आम्ही सर्व त्यांना मामा म्हणतो. ते मूळचे फलटणकडचे. भाऊ अजून उसाची शेती करतो, आणि हे तीस वर्षे आमच्या आवारातल्या मातीत. एका शनिवारी मी त्यांना मुलुंडला घेऊन आले. सोबत आमच्या वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिकाही आल्या. त्यांनी पर्समधून उजेड मोजण्याचे छोटे यंत्र आणले होते. एवढी मोठी तपासणी पाहून मावशीने आधी पोहे केले.

मामांनी खाऊन घेतले, हात धुतले आणि फडताळापुढे मांडी घालून बसले. त्यांनी बाटल्यांकडे पाहिलेही नाही. प्रत्येक झाडाचे पान ते खालून वर असे पाहत गेले. आधी सर्वांत जुने, मग मधले, मग शेंड्याचे. मी मराठी शिकवते. शब्दाचा अर्थ तो वाक्यात कुठे बसला आहे त्यावर ठरतो, हे मुलांना सांगता सांगता माझी वीस वर्षे गेली. पिवळ्या रंगाचेही तसेच आहे, हे त्या दिवशी पाहिले. पिवळा रंग एकच. पण तो कुठे आहे, त्यावर त्याचा अर्थ.

पहिला नंबर एरिका पामचा. त्याची अगदी तळची एक फांदी पिवळी झाली होती आणि देठ तर सगळेच पिवळट होते. मामा म्हणाले, "आजी, ह्याला काय झालेलं न्हाई. पान पिकलंय." मला तो शब्द फार आवडला. इतर रोगी पाने पिवळी पडतात, हे पिकले. झाड जुन्या पानातले नत्र आणि मॅग्नेशियम परत ओढून घेते आणि नव्या पालवीला पुरवते. हरितद्रव्य मोडून जाते आणि त्याच्याखाली पहिल्यापासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे पिवळा येत नसतो. हिरवा निघून जात असतो. तळचे एखादे पान महिन्या दोन महिन्यांनी असे गेले, तर तो घरचा व्यवहार समजावा. देठांचे म्हणाल तर या पामच्या शास्त्रीय नावातच पिवळेपणा सांगितलेला आहे, असे आमच्या प्राध्यापिका म्हणाल्या. मावशीचा चेहरा थोडा उजळला. अकरांतले एक वाचले.

मनीप्लांटची गोष्ट वेगळी. खालची पाच-सहा पाने एकदम, सबंध पिवळी, आणि हाताला मऊ. मामांनी बोटाची दोन पेरे मातीत खुपसली आणि बोट नाकाशी नेले. आंबूस वास. मुळे पाण्यात गुदमरली होती. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सदोदित पाण्याने भरलेल्या असल्या की मुळे कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. म्हणून झाड पाण्यात बुडून तहानेने मरते. त्यात नर्सरीच्या कुंडीत माती थोडी आणि नारळाच्या काथ्याचा भुसा फार. तो पाणी धरून ठेवतो.

"पण मी पूर्वीइतकंच पाणी घालते," मावशी म्हणाली. "रोज सकाळी तांब्याभर. अठ्ठेचाळीस वर्षं घालतेय."

तिचे म्हणणे खरे होते, आणि सारा घोटाळा त्या खरेपणातच होता. तांब्या तोच, झाड तेच. ऊन मात्र गेले होते. जुन्या गॅलरीत सकाळचे ऊन आणि खाडीवरचे वारे मिळून तो तांब्या दुपारपर्यंत पिऊन टाकीत. एलईडीचा दिवा उजेड देतो, पण उन्हासारखी धग झाडावर टाकीत नाही. पाने गार राहतात, बाष्प कमी सुटते, आणि कुंडीतले पाणी जागच्या जागी राहते. त्यात पावसाळ्यातली मुलुंडची हवा आधीच ओली. उन्हाला तहान असते, दिव्याला नसते. दिव्याखाली झाडे ठेवणाराने तांब्या विसरावा आणि बोट लक्षात ठेवावे. दोन पेरे खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी. बोट नको असेल तर कुंडी उचलून पाहावी. ओल्या आणि सुक्या कुंडीचे वजन आठ दिवसांत हाताला पाठ होते.

कढीपत्ता उंच झाला होता, पण अशक्त. पानापानांतले अंतर वाढलेले, शेंडा खिडकीकडे वाकलेला, आणि खालची पाने पिवळी होऊन गळत होती. मामा एवढेच म्हणाले, "उजेड मागतोय." मावशीला हे पटेना. "अहो मामा, दिव्यानं डोळे दिपतात माझे!"

इथे आमच्या प्राध्यापिकाबाईंचे यंत्र कामी आले. उजेड मोजण्याचे माप लक्स. निरभ्र दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात. श्रावणातल्या ढगाळ दिवशीही उघड्यावर दहा-वीस हजार मिळतात. मावशीच्या खिडकीत यंत्राने आठशे दाखवले. दिव्याखाली फूटभर अंतरावर अडीच हजार, आणि कढीपत्ता जिथे होता तिथे, तीन फुटांवर, तीनशेच्या आत. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, तिप्पट झाले की नवमांश. आपला डोळा मोठा समजूतदार. तो बाहुली मोठी करतो आणि तीनशेलाही भरपूर म्हणतो. पानाला बाहुली नसते. यंत्र नसेल त्याने हात दिव्याआड धरून पानावर पडणारी सावली पाहावी. सावलीच्या कडा रेखीव असल्या तर उजेड बरा. सावली नुसता धूसर डाग असली तर झाड उपाशी आहे.

उलट पानओव्याची कुंडी दिव्याला जवळजवळ टेकली होती. त्याची वरचीच पाने फिकट, पांढुरकी झाली होती, खालची हिरवीगार. दिवा गार असतो म्हणून जवळ चालतो, अशी समजूत असते. पण धग नसली तरी अति उजेड हरितद्रव्य मोडतो. खालची पाने गेली तर उजेड कमी, दिव्याजवळची वरचीच फिकटली तर जास्त, हा मोठा सोपा हिशेब. आणखी एक गोष्ट निघाली. मावशी दिवे रात्रंदिवस ठेवीत होती, देवापुढच्या नंदादीपासारखे. प्राध्यापिकाबाईंनी सांगितले की बारा तास पुरे. झाडांनाही रात्र लागते. मावशी म्हणाली, "म्हणजे त्यांनाही झोप असते तर!" आणि स्वतःच उठून दिवे मालवून आली. मामांना दिसेना, म्हणून ते पुन्हा लावावे लागले.

जास्वंदीच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके होते. मामांनी पान पांढऱ्या कागदावर झटकले. कागदावर धुळीचे कण पडले आणि ते कण चालू लागले. लाल कोळी! बाहेर पाऊस त्यांना धुऊन काढतो. घरात ते निर्धास्त असतात. उपाय ओल्या फडक्याचा, पानांच्या पाठी पुसण्याचा, आणि चार-चार दिवसांनी पुन्हा पुसण्याचा. निळ्या बाटलीचा नव्हे.

शेवटी अनंत. त्याची खालची जुनी पाने गर्द हिरवी आणि वरची कोवळी पिवळी. पण पिवळ्या पानांतल्या शिरा मात्र हिरव्या, कागदावर हिरव्या शाईने नकाशा काढावा तशा. मामांनी पान उजेडात धरले आणि क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई, ह्येच्यावर केवडा पडलाय."

मराठी शिकवणारीला हा शब्द नवा नसावा; पण मला केवडा ठाऊक होता तो गणपती-गौरीतला, सुगंधाचा. उसावर पडणारा केवडा मला मामांनी शिकवला. उसाची कोवळी पाने शिरांमध्ये पिवळी, पुढे पांढुरकी होतात, केवड्याच्या पातीसारखी. म्हणून शेतकरी त्याला केवडा म्हणतो. नीरेकाठी, सांगली-सोलापूरकडे, जिथे जमिनीत चुनखडी फार, तिथे हे दुखणे जुने. मामांच्या गावाजवळ पाडेगावला १९३२ सालापासून उसाचे संशोधन केंद्र आहे. लोहाची कमतरता हे त्याचे कारण आणि हिराकस हे त्याचे औषध, ही गोष्ट त्या भागात शेतकऱ्याच्या पोराला पाढ्यांसारखी पाठ असते. मौज अशी की जमिनीत लोह नसते असे नाही. असते, पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकून बसते की मुळांना घेता येत नाही. आणि लोह जुन्या पानातून नव्याकडे हलत नाही. नत्र कमी पडले तर झाड म्हाताऱ्या पानाचे काढून तान्ह्याला देते, म्हणून जुने पान पिवळे होते. मॅग्नेशियमचेही तसेच; फक्त तिथे जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात. लोहाच्या बाबतीत तसे देणे-घेणे नाही. तिथे तान्हेच उपाशी राहते.

"पण ही काही चुनखडीची जमीन नव्हे," मी म्हटले. "मुलुंडची लाल माती आहे. काकांनी स्वतः आणलेली."

मामांनी कुंडीच्या काठाकडे बोट दाखवले. काठावर पांढरी खपली धरली होती. त्यांनी ती नखाने खरवडली आणि विचारले, "आजी, पाणी कुठल्या नळाचं?"

सारा उलगडा त्या प्रश्नात होता. मुंबईला पाणी येते ते भातसा, तानसा, वैतरणा यांच्या तलावांचे. पावसाचेच साठवलेले, म्हणून मृदू. त्यातले बरेचसे शुद्ध होते ते मुलुंडच्या अगदी शेजारी, भांडुपच्या संकुलात. जुन्या घरी अनंताला अठ्ठेचाळीस वर्षे हेच पाणी मिळाले. नव्या इमारतीत नळ दोन प्रकारचे आहेत. स्वयंपाकघरात महापालिकेचे पाणी. आणि मोरीत, धुण्याभांड्याच्या जागी, कूपनलिकेचे, चवीला मचूळ. महापालिकेचे पाणी तासभर येते, ते झाडांना घालून कसे संपवायचे, या काटकसरीने मावशी मोरीतल्या नळाचे घालीत होती. त्या पाण्यातला चुना दोन वर्षे कुंडीत साठत गेला. काकांच्या लाल मातीत मुलुंडच्या दुसऱ्या मजल्यावर फलटणची चुनखड तयार झाली. अनंताला आंबट माती लागते. त्याला ते सर्वांत आधी बाधले. इतर झाडे बोलली नाहीत, तो बोलला.

बंदोबस्त साधा होता. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी महापालिकेचेच असते. मिठाचे नसेल तर तेच झाडांना. छपराच्या पन्हाळीखाली बादली ठेवून पावसाचे पाणी धरायचे. तेवढी सोय रखवालदाराने आनंदाने केली. त्या पाण्याने अनंताची कुंडी दोनदा चांगली धुऊन काढली, साचलेला क्षार खालच्या भोकातून जाईपर्यंत. आणि लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस, लिंबाचे चार थेंब टाकून, आठवड्यातून एकदा पानांवर. हिराकशीचे डाग फरशीवरून निघत नाहीत, म्हणून खाली जुने वर्तमानपत्र. सात बाटल्या मामांनी पिशवीत घातल्या. "कालिजात घालतो," म्हणाले, "तिथं ऊन हाय. तिथं खपल."

या वाक्यावर मी परतीच्या गाडीत बराच विचार केला. खत हे अन्न नव्हे, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि नर्सरीत विसरतो. यान इंगेनहाउस नावाच्या डच डॉक्टराने १७७९ साली दाखवून दिले की वनस्पती हवा शुद्ध करतात ती उजेडात, आणि तीही फक्त हिरव्या भागांनी. आपल्याकडे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्यांना हेच उलट बाजूने शिकवले. पीक म्हणजे पानांनी पकडलेले ऊन. आधी पानाचा विचार करा. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागाईतदार आज पानांचे देठ प्रयोगशाळेत धाडतात आणि अहवाल पाहून खत ठरवतात. लाखो रुपयांचे पीक ज्यांच्या हाती, ते आधी पान तपासतात आणि मग बाटली उघडतात. आपण चाळीस रुपयांच्या रोपाला बाटल्या आधी पाजतो.

आणि दिव्याला तरी दोष का द्यावा? निळा उजेड देणारा एलईडी तयार करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप दिला की दोन्ही मिसळून पांढरा उजेड होतो. विझलेल्या दिव्याची टोपी काढून पाहिली तर आत पिवळा ठिपका दिसतो. त्या उजेडात निळा आहे, तांबडाही आहे. झाडाला जे लागते ते आहे. माप मात्र आपण राखायचे. त्या फडताळात मनीप्लांट, पाम, स्नेक प्लांट, कोरफड ही मंडळी आता सुखाने नांदत आहेत. फूटभर अंतर, बारा तास, आणि माती कोरडी झाल्यावर पाणी.

तुळशीचे मात्र जमले नाही. तिचे पिवळेपण कुठल्याच उपायाने हटेना, कारण तिला कमतरता होती ती साक्षात उन्हाची. चार-सहा तास उघडे ऊन हा तिचा आहार. चारही दिवे एकावर एक रचले तरी तो भरून निघाला नसता. प्राध्यापिकाबाईंनी हे स्पष्ट सांगितले तेव्हा मावशी काही बोलली नाही. तुळस दुसऱ्याच्या दारी द्यायची, ही गोष्ट तिला जड गेली. तीन दिवसांनी तिचा फोन आला. पूर्वेला, तिच्या जुन्या इमारतीसमोर, अजून न पडलेल्या एका तिमजली घरात तिची जुनी मैत्रीण राहते. तिच्या गॅलरीत सकाळचे ऊन येते, थेट मिठागरांवरून. "तिथं नेऊन ठेवते," मावशी म्हणाली. "घर होईपर्यंत. माहेरी गेली म्हणेन."

भाद्रपदात मी गेले तेव्हा आम्ही दोघी स्टेशनावरचा पूल ओलांडून तुळस पोचवून आलो. कुंडी मावशीने मांडीवर घेतली होती. रिक्षावाल्याने पैसे सांगितले त्यापेक्षा कमी घेतले. जुन्या जागी आता खोल खड्डा आहे आणि भोवती पत्रे. पत्र्यांना टेकून पर्जन्यवृक्ष उभा आहे, तेवढाच जुना. मावशीने खड्ड्याकडे पाहिले नाही. गॅलरीत ऊन कुठवर येते ते मात्र तिने तासभर बसून पाहिले, कुंडी दोनदा सरकवली आणि मैत्रिणीला बजावले, "रोज पाणी नको हं घालूस. आधी बोट घालून बघ."

परवा तिच्याकडे गेले होते. अनंताची जी पाने पूर्ण पांढुरकी झाली होती ती सुधारली नाहीत. तशी ती सुधारत नाहीत, हे मामांनी आधीच सांगितले होते. पाहायचे ते नव्या पानांकडे. शेंड्यावर चार नवी पाने आली आहेत. तीन हिरवी आहेत. चौथे अजून उमलायचे आहे, त्याचा रंग सांगता येत नाही. मावशीने फडताळावर एक वही ठेवली आहे. तीत तारीख, पाणी कोणते, किती, आणि कोणत्या झाडाचे कोणते पान, अशी नोंद असते. तळचे, मधले की शेंड्याचे, हे ती न चुकता लिहिते.

दिवाळीनंतर कार्तिकात तुळशीचे लग्न मैत्रिणीच्या गॅलरीत लागणार आहे. ऊस फलटणहून मामा आणणार आहेत. केवडा न पडलेला आणतो, असे त्यांनी कबूल केले आहे.